टाकीतला चारा आणि तांडेलाची नजर

माकणीच्या धरणाचं पाणी उतरलं की काठाला सकाळी कुणी ना कुणी गळ टाकून बसलेला दिसतोच. त्याचं साहित्य हातभरात मावतं. एक काठी, तंगुसाचा दोरा, तरंगायला थर्माकोलचा तुकडा, गळ, आणि ओल्या मातीनं अर्धा भरलेला प्लास्टिकचा डबा. या डब्यात गांडुळं असतात आणि पाण्यापेक्षा त्या डब्याकडेच माणसाचं लक्ष जास्त असतं. ऊन चढायला लागलं की तो डबा सावलीत सरकवतो. माती कोरडी वाटली की दोन बोटांनी पाणी शिंपडतो. मी एकदा विचारलं, "मामा, मेलेलं गांडूळ चालत नाही का?" ते म्हणाले, "चालतंय की. पण वळवळणारं असलं की मासा लांबून येतो."

थोडं आत, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून दुसरे लोक काल संध्याकाळी लावलेली जाळी ओढत असतात. रोहू, कटला, मृगळ, चिलापी, मधूनच एखादी वाम. जाळं रात्रभर एकटंच काम करतं, माणूस घरी झोपलेला असला तरी. त्यात काय अडकावं हे जाळ्याचा डोळा ठरवतो. गळाचं तसं नाही. तिथं प्रत्येक माशामागे एक माणूस जागा असावा लागतो.

निम्न तेरणा प्रकल्पाच्या या काठावरून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब आहे. तरी समुद्रातल्या एका मासेमारीची उकल करायला मला हा डबा आणि हा तराफा फार उपयोगी पडतात. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांच्या फडताळात ट्यूनाचे डबे असतात. त्यांतल्या काहींवर हा मासा काठी आणि दोरीनं, एकेक करून पकडला आहे असं छापलेलं असतं. वाचणाऱ्याला ती जाहिरातीची ओळ वाटते. तिच्या मागे होड्या आहेत, त्या होड्यांचे तांडेल आहेत आणि जिवंत चाऱ्यानं भरलेली एक टाकी आहे. भारतात ही पद्धत जिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ते ठिकाण म्हणजे लक्षद्वीपमधलं मिनिकॉय बेट.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ, कारण मराठवाड्यात ते कानावर पडत नाहीत. कोकणात होडीचा मालक तो नाखवा, होडी चालवणारा आणि मासळी कुठं आहे हे ठरवणारा तो तांडेल, बाकीचे खलाशी. गळाला तिकडे गरी म्हणतात, आणि गळानं मासे पकडणं म्हणजे गरवणं. ट्यूनाला कुपा, गेदर अशी नावं आहेत. कोकण किनाऱ्यावर हा मासा मुख्यतः जाळ्यांतच येतो. त्यामुळे काठी आणि गळाची ट्यूना मासेमारी पाहायची तर दक्षिणेला मिनिकॉयपर्यंत जावं लागतं. बेट लक्षद्वीपच्या अगदी दक्षिण टोकाला, बाकी बेटांपासून रुंद खाडीनं तुटलेलं. तिथले लोक महल बोलतात. ही मालदीवच्या धिवेहीचीच एक बोली, आणि गोत्रानं आपल्या मराठीच्याच घरातली. त्यांच्याकडे माशाला 'मास' म्हणतात. आपला मासा आणि त्यांचा मास दोन्ही संस्कृत 'मत्स्य' वरून आले. त्यांच्या जुन्या मासेमारी होडीचं नाव मास ओडी. मराठी माणसाला हे नाव उलगडून सांगावं लागत नाही.

आता मासा. मिनिकॉयला मुख्यतः जो ट्यूना लागतो तो स्किपजॅक: गोळीच्या आकाराचा, पाठ गडद निळी, पोटावर लांबीच्या दिशेनं चार-पाच काळे पट्टे. दोन-तीन किलोचा मासा नेहमीचा. त्याच्याबरोबर पिवळ्या परांचा ट्यूनाही थोडाफार येतो. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि तिच्या आधारानं ते पाण्यात स्थिर राहू शकतात. स्किपजॅकला ती पिशवीच नसते. तो पोहायचा थांबला तर खाली बुडतो. शिवाय त्याला कल्ल्यांतून पाणी खेळवायला पुढे जात राहावंच लागतं. पुढे जाणं थांबलं तर त्याचा श्वासही थांबतो. जन्मभर धावणाऱ्या या देहाला खाणंही तसंच सतत लागतं, आणि तो कायम भुकेला असतो. काठीची मासेमारी उभी आहे ती या भुकेवर.

दुसरी गोष्ट त्याच्या वाढीची. स्किपजॅक साधारण दीड वर्षात वयात येतो आणि उष्ण समुद्रात वर्षभर अंडी घालतो. लवकर वाढणारा, भरपूर पिल्लं देणारा मासा पकडीचा ताण बऱ्यापैकी सोसतो. म्हणून टिकाऊ मासेमारीची गोष्ट आली की स्किपजॅकचं नाव पुढे येतं. पिवळ्या परांचा ट्यूना मोठा होतो आणि त्याला वेळही जास्त लागतो. २०१५ मध्ये हिंद महासागरातल्या त्याच्या साठ्याची पकड प्रमाणाबाहेर गेली असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. मग सेशेल्समधल्या हिंद महासागर ट्यूना आयोगाला त्याच्या पकडीवर मर्यादा घालाव्या लागल्या. समुद्र एक, कूळ एक, तरी एकाला जे सोसतं ते दुसऱ्याला सोसत नाही.

मिनिकॉयचा दिवस ट्यूनापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो बोटाएवढ्या चाऱ्यापासून. बेटाच्या पश्चिमेला प्रवाळाच्या कुंपणाआड मोठं उथळ पाणी आहे. त्याला लगून म्हणतात. वाळूचा तळ, मधून मधून प्रवाळाचे खडक, पाण्याचा रंग फिका हिरवा. या लगूनमध्ये बारक्या चंदेरी माशांचे थवे असतात, बोटाच्या लांबीचे, काचेसारखे पारदर्शक. त्यांचं आयुष्य जेमतेम काही महिन्यांचं. हाच चारा.

तो पकडायचा कसा हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण कौशल्याची निम्मी गोष्ट इथेच आहे. होडी नांगरून चौकोनी जाळं काठ्यांच्या आधारानं पाण्यात तळाकडे सोडतात. त्याच्या वर कुस्करलेलं ट्यूनाचं मांस थोडं थोडं सोडतात. चारा खायला वर जमतो. काही जण डोळ्यांवर काच लावून पाण्यात उतरतात, थव्याला हळूहळू जाळ्यावर हाकतात आणि खूण करतात. चारही कोपरे एकदम उचलले जातात. आता जाळ्यात हजारो जीव आहेत आणि घाई केली की ते मरतात. या माशाचे खवले इतके नाजूक की हात लागला तरी सुटतात. खवला गेलेला मासा फार काळ जगत नाही. म्हणून जाळं पाण्याबाहेर झटक्यात काढत नाहीत. पाण्यासकटच मासे भांड्यानं उचलून होडीतल्या टाकीत सोडतात, हवा शक्य तितकी न लागू देता. माकणीच्या काठावरचा माणूस डबा सावलीत सरकवतो ना, तेच हे काम. फरक इतकाच की इथं साऱ्या होडीची दिवसभराची कमाई त्या भांड्यात असते.

टाकी म्हणजे होडीच्या पोटातला एक कप्पा. जुन्या मास ओडीत या कप्प्याच्या तळाला भोकं ठेवलेली असत आणि ती बुचांनी बंद करता येत. चारा भरला की बुचं काढायची. समुद्राचं पाणी खालून आत येणार, आणि खलाशांनी वरून ते सतत उपसत राहायचं. आत ताजं, बाहेर जुनं, असा पाण्याचा फेरा चालू ठेवायचा. होडीला मुद्दाम भोक पाडून तिला बुडू न देता तेच भोक कामाला लावायचं ही युक्ती पहिल्यांदा ज्याला सुचली त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो. आता इंजिन आहे, पंप आहे, आणि उपसण्याची मेहनत वाचली आहे. पण तत्त्व बदललेलं नाही. टाकीत पाणी खेळतं राहिलं पाहिजे आणि गर्दी फार होता कामा नये. कितीही मोह झाला तरी टाकीला सोसेल त्याहून जास्त चारा भरता येत नाही. भरला तर सगळाच गुदमरतो.

लगूनच्या तोंडातून होडी बाहेर पडते. बेटाच्या कुंपणापलीकडे समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे ट्यूनासाठी फार लांब जावं लागत नाही. बहुतेक होड्या पहाटे निघून त्याच दिवशी परततात. आता काम तांडेलाचं.

तो पाण्यापेक्षा आभाळ जास्त पाहतो. माकणीच्या धरणावर नदी सुरय नावाचा पक्षी असतो. पंख अणकुचीदार, डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळी. तो पाण्यावर एका जागी फडफडत थांबतो आणि मग दगडासारखा खाली पडतो. त्याच्या खाली चिंगळं आहेत हे आमच्याकडच्या पोरांनाही कळतं. समुद्रावरही त्याच कुळातले सुरय असतात. ट्यूनाचा थवा खालून बारक्या माशांना पृष्ठभागाकडे रेटतो, आणि वरून सुरय त्यांच्यावर तुटून पडतात. त्या बिचाऱ्या चिंगळांना खालून ट्यूना आणि वरून पक्षी. तांडेलाला लांबून दिसतात ते पक्षी. ते उंचावर नुसते घिरट्या घालत असतील तर मासा खोल आहे. खाली येऊन सूर मारत असतील तर मासा वर आला आहे. थवा कुठल्या बाजूला सरकतो आहे हेही पक्ष्यांच्या रांगेवरून कळतं. पाण्यावर उकळी फुटल्यासारखा पांढरा पट्टा दिसला की शंका उरत नाही. समुद्रात वाहत आलेला एखादा ओंडकाही तो सोडत नाही, कारण तरंगणाऱ्या वस्तूखाली ट्यूना जमतो. समुद्रातल्या हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी शास्त्रज्ञांनी नांगरून ठेवलेल्या तरंगत्या बोयांखालीही मासा जमतो, आणि तिथं होड्यांची गर्दी होते.

मासा दिसला म्हणून थेट त्याच्या अंगावर होडी घालत नाहीत. तांडेल वळसा घेऊन थव्याच्या वाटेत पुढे जातो आणि वेग कमी करतो. टाकीजवळ उभा असलेला खलाशी जिवंत चाऱ्याची पहिली मूठ पाण्यात फेकतो. हा माणूस होडीवरचा फार जबाबदारीचा. फार टाकलं तर थवा पोट भरून निघून जाईल आणि टाकीही रिकामी होईल. फार कमी टाकलं तर थवा थांबणारच नाही. चाऱ्यातल्या माशांना पाण्यात पडल्यावर आसरा हवा असतो, म्हणून ते होडीच्या सावलीकडे धावतात. त्यांच्या मागे ट्यूना होडीला येऊन भिडतो. चारा मेलेला असता तर तो तसाच बुडाला असता आणि हे काहीच घडलं नसतं.

आता पाण्याचे फवारे सुरू होतात. पूर्वी खलाशी लांब दांड्याच्या पळ्यांनी पाणी उडवत. आता होडीच्या मागच्या बाजूला नळीतून बारीक फवारे सोडतात. पृष्ठभागावर थेंब नाचायला लागले की खालून पाहणाऱ्या माशाला ते घाबरून उड्या मारणाऱ्या चिंगळांसारखे वाटतात. त्याच पडद्यामुळे होडी आणि तिच्यावरची माणसं त्याला नीट दिसतही नाहीत. एका साध्या फवाऱ्याकडून दोन कामं.

होडीच्या मागच्या टोकाला फळी असते, पाण्यापासून फार उंच नाही. तिच्यावर गळवाले एका रांगेत उभे राहतात. प्रत्येकाच्या हातात माणसाहून लांब बांबूची काठी, तिच्या टोकाला तेवढीच दोरी, आणि दोरीला चकचकीत गळ. या गळाचं वैशिष्ट्य म्हणजे त्याला उलटा काटा नसतो. आपल्या गळाच्या टोकाला मागे वळलेलं बारीक पातं असतं. मासा एकदा अडकला की ते त्याला सुटू देत नाही, आणि गळ काढताना आपल्यालाही हात ओले-रक्ताळे करावे लागतात. इथं तेवढा वेळच नसतो. गळाला चाराही लावत नाहीत. भुकेनं वेडा झालेला ट्यूना नुसत्या चकाकीवर तोंड घालतो. तोंड घातलं की माणूस काठी उचलतो, आणि माशाच्या स्वतःच्या वेगाचा उपयोग करून त्याला डोक्यावरून मागे फेकतो. मासा हवेत असतानाच दोरी सैल पडते, बिनकाट्याचा गळ निसटतो आणि मासा मागे होडीच्या तळावर आदळतो. माणसानं मागे वळून पाहिलेलंही नसतं. गळ पुन्हा पाण्यात गेलेला असतो. उत्साहाच्या भरात थवा असेल तर एका माणसाच्या दोन माशांमध्ये काही सेकंदांचंच अंतर राहतं. अशा रांगेत उभं राहायचं म्हणजे शेजाऱ्याची काठी, स्वतःची काठी, हलणारी फळी आणि डोक्यावरून जाणारे दोन-दोन किलोचे मासे या सगळ्यांचं भान एकाच वेळी ठेवायचं. पोरं लहानपणापासून हे पाहत मोठी होतात, तेव्हा कुठं हाताला वळण लागतं.

आणि मग सगळं थांबतं. काही मिनिटांत, कधी अर्ध्या तासात. थव्याचं पोट भरतं, किंवा एखादा मोठा मासा खालून येतो आणि थवा खोल निघून जातो, किंवा टाकी रिकामी होते. टाकी रिकामी झाली तर पाण्यात मासा उसळत असला तरी होडीला परतावं लागतं.

माझ्या मते या मासेमारीचा टिकाऊपणा गळापेक्षा या टाकीत आहे. काठी-गळाची तुलना बहुतेकदा जाळ्याशी करतात आणि ती बरोबरच आहे. जगातला बराचसा ट्यूना पर्ससीन जाळ्यानं पकडला जातो. हे जाळं दोन किलोमीटरपर्यंत लांब असू शकतं. थव्याभोवती ते वर्तुळ करून टाकायचं आणि खालून बटव्यासारखी दोरी ओढून बंद करायचं. त्यात थवा येतो आणि थव्याबरोबर जे काही असेल ते येतं: कोवळे ट्यूना, शार्क, कधी कासव. तरंगते तराफे सोडून त्यांच्याखाली मासा जमवला तर पिवळ्या परांच्या ट्यूनाची पिल्लं हमखास येतात. काठीवर हे फार कमी होतं. गळाला नको असलेला मासा आलाच तर जिवंत परत सोडता येतो. पण जाळ्यानं काय पकडलं आणि गळानं काय सोडलं एवढ्यावर विचार थांबला तर निम्मी गोष्ट राहून जाते. पर्ससीनला किती पकडावं हे बाहेरून सांगावं लागतं, कायद्यानं, कोट्यानं, निरीक्षकानं. काठीच्या होडीत ही मर्यादा बांधकामातच आहे. जितका चारा जिवंत राहिला, जितके हात फळीवर उभे राहिले, जितका वेळ थवा थांबला, तितकाच मासा.

कोकणातला वाद याच मुद्द्यावर आहे. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात वर्षानुवर्षं तणाव आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं पर्ससीनवर हंगामाचे आणि संख्येचे निर्बंध आणले, २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी झाली, आणि २०२१ मध्ये १९८१ च्या मासेमारी नियमन अधिनियमात दुरुस्ती करून दंड वाढवला गेला. तरी रात्री समुद्रात उजेड दिसल्याच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. जिथं मर्यादा साधनात नसते तिथं ती राखायला समुद्रावर सतत कुणीतरी गस्त घालावी लागते. आणि समुद्र मोठा आहे.

मिनिकॉयला पावसाळ्याची मर्यादाही आहे. साधारण मे अखेरीपासून समुद्र खवळतो, लगूनच्या तोंडातून होडी काढणं जिवावर बेततं, आणि काठीची मासेमारी थांबते. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीला सरकारी बंदी असते. तीही याच ऋतूतली.

होडी परत आल्यावर मासा फार वेळ ठेवता येत नाही. ट्यूनाचं शरीर बाकीच्या माशांपेक्षा गरम असतं. मेल्यावर तो थंड केला नाही तर मांसात हिस्टामाइन तयार होतं. एकदा ते झालं की शिजवूनही जात नाही, खाणाऱ्याच्या अंगावर पित्तासारखे चट्टे उठतात. बर्फ नसलेल्या काळात बेटावरच्या लोकांनी यावर उपाय शोधला तो मासमीन. माशाचे लांबट तुकडे करायचे, काटे काढायचे, खाऱ्या पाण्यात उकळायचे, नारळाच्या शेंड्यांच्या धुरावर धरायचे, आणि मग उन्हात वाळवायचे. हे तुकडे लाकडासारखे कडक होतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. खाताना सुरीनं खरवडून कालवणात घालतात. चौदाव्या शतकात मालदीवमध्ये राहिलेल्या इब्न बतूतानं असा उकळून धुरावलेला मासा आपल्या प्रवासवर्णनात नोंदवला आहे. आजही मासमीनचा मोठा ग्राहक श्रीलंका आहे. १९६९ मध्ये मिनिकॉयला ट्यूना डबाबंद करण्याचा कारखानाही निघाला. १९६० च्या दशकात होड्यांना इंजिनं बसायला लागली आणि हीच काठीची पद्धत मिनिकॉयहून लक्षद्वीपच्या इतर बेटांवर गेली.

ट्यूनाच्या डब्यावरची ती ओळ मालदीवमधून जास्त येते. तिथल्या काठीच्या स्किपजॅक मासेमारीला २०१२ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्र म्हणजे नुसता शिक्का नव्हे. होडी कुठं गेली, किती मासा आणला, कुठल्या जातीचा, चारा किती वापरला याच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि बाहेरचे तपासनीस त्या पाहतात. लक्षद्वीपमध्ये दक्षिण फाउंडेशनसारख्या संस्थांनी मच्छीमारांच्या हाती नोंदवही देऊन त्यांच्याकडूनच पकडीच्या आणि चाऱ्याच्या नोंदी ठेवून घ्यायला सुरुवात केली. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ १९५० च्या दशकापासून मिनिकॉयच्या चाऱ्याच्या माशांचा अभ्यास करत आले आहेत. पण रोज पहाटे लगूनमध्ये उतरणाऱ्या माणसानं लिहिलेला आकडा वेगळ्या वजनाचा असतो. मागच्या वर्षी याच ठिकाणी किती वेळात टाकी भरली होती हे त्याला आठवतंच. कागदावर आलं की ते दुसऱ्यालाही दिसतं.

कारण खरी काळजी आता चाऱ्याची आहे. ट्यूना समुद्रभर फिरतो, पण चारा एका लगूनचा असतो. ते पाणी बिघडलं तर टाकी भरत नाही, आणि टाकी भरली नाही तर खुल्या समुद्रात कितीही स्किपजॅक असला तरी काठी निरुपयोगी. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, मरतं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळाला असे मोठे फटके बसले. शिवाय लगूनच्या कडेचे खडकमासे आता बाहेर विकायला पकडले जातात. चाऱ्याचे काही प्रकार त्याच खडकांच्या आसऱ्यानं राहतात. बारीक डोळ्याच्या जाळ्यांत चाऱ्याची पिल्लंही येतात. चाऱ्याची टंचाई पडली की होड्यांना जास्त वेळ लगूनमध्ये घालवावा लागतो, उशिरा बाहेर पडावं लागतं, किंवा दुसऱ्या बेटाच्या पाण्यात जाऊन तिथल्या लोकांशी वाद ओढवून घ्यावा लागतो. हा धोका जाळ्याच्या धोक्यासारखा डोळ्यांत भरत नाही, म्हणून मला तो जास्त मोठा वाटतो.

मासा संपणं कसं असतं हे आम्ही माकणीला अगदी जवळून पाहतो. धरणात मत्स्यबीज सोडतात, बोटुकली मोठी होते, मग मासेमारी होते. पावसानं दगा दिलेल्या वर्षी पाणी खाली जातं, उरलेल्या डबक्यात सगळा मासा गोळा होतो आणि काठावर गर्दी होते. त्या दिवसांत कुणालाही मासा मिळतो, अगदी हातानंसुद्धा. बाजारात भाव पडतो. पुढच्या वर्षी पाणी भरलं तरी मासा नसतो, आणि बीज पुन्हा सोडावं लागतं. धरणाचा तळ उघडा पडला की संपलेलं डोळ्यांना दिसतं. समुद्राचा तळ उघडा पडत नाही. तिथं संपत चाललंय हे कळायचा एकच रस्ता आहे, तो म्हणजे टाकी भरायला लागणारा वेळ, आणि तो मोजणारा माणूस.

मिनिकॉयला संध्याकाळी होड्या रिकाम्या होतात. मासा वाटला जातो. बऱ्याच ठिकाणी कामगाराला ठरलेला पगार नसतो, वाटा असतो: होडीचा, तांडेलाचा, खलाशांचा. म्हणून थवा न सापडल्याचा दिवस सगळ्यांचाच वाया जातो. मग टाकी धुतात. तळाला मेलेला चारा चिकटलेला असतो, तो बोटांनी खरवडून काढावा लागतो. एक जरी राहिला तरी सडतो आणि उद्याच्या चाऱ्याचं पाणी नासवतो. काठ्या पुसून आडव्या ठेवतात, गळांची टोकं घासून चकचकीत करतात. तांडेल लगूनच्या फिक्या पाण्याकडे बघत उभा असतो. पहाटे जाळं कुठल्या खडकाजवळ टाकायचं हे त्याला अंधार पडायच्या आत ठरवायचं असतं.